दारासमोरची पिवळी रेघ

दार ढकललं तर ते कशावर तरी आपटलं. पुन्हा ढकललं. ठक्क. वीतभर फटीतून करड्या रंगाचा पत्रा दिसला आणि त्या पत्र्यावर आमच्या दाराच्या कडेनं नुकताच काढलेला पांढरा ओरखडा. तो पाहून मला इतकं बरं वाटलं की मी तिसऱ्यांदा ढकललं, आता मुद्दाम, अंगातला सगळा जोर लावून. मागे चाकाच्या खुर्चीत बाबा तयार बसले होते. टोपी, मफलर, पायांवर पांघरूण, अशी बाहेर पडायची सगळी तयारी. "काय गं?" "गाडी लावलीय कुणीतरी." "आपल्या दारात?" त्यांच्या आवाजाला एकदम तरतरी आली. "पिवळ्या रेघेवर? नंबर घे. आधी नंबर घे, मग बाकीचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीवाल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या तरतरीचा आला. ज्या माणसाला दोन घास खाऊ घालायला मला रोज विनवण्या कराव्या लागतात, त्याला दुसऱ्याची चूक सापडली की भूक लागते.

आमचं घर म्हणजे एकावर एक ठेवलेले डबे. खाली गॅरेज, वर स्वयंपाकघर आणि बसायची खोली, त्याच्या वर झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यांना जोडणारा, मध्येच काटकोनात वळणारा अरुंद जिना. बाबा पडले त्यानंतर त्यांना वर न्यायचं तर दोन धट्टीकट्टी माणसं लागायला लागली, म्हणून आम्ही जुनी गाडी विकून टाकली आणि गॅरेजची खोली केली. भिंतींना रंग दिला, खाटेला कठडा लावून घेतला. जमिनीवरचा तेलाचा डाग काही केल्या जाईना, त्यावर जाजम अंथरलं. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. लहान दाराला तीन पायऱ्या आणि वळण, पण गॅरेजचं रुंद दार थेट रस्त्यावर उघडतं, उंबरठासुद्धा नाही, खुर्ची ढकलली की माणूस बाहेर. आमच्या बाजूला फूटपाथ नाही. दार संपलं की रस्ता, आणि दाराच्या दोन्ही फळ्या बाहेर उघडतात. म्हणजे समोर गाडी उभी राहिली की बाबा आत. डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, यांना रोज बाहेर काढा, खोलीत पडून राहिले तर पुन्हा उठायची इच्छाच राहणार नाही. म्हणून कामावर जायच्या आधी मी त्यांना रोज कोपऱ्यावरच्या उन्हात नेऊन बसवते, आणि व्यायामासाठी न्यायला हॉस्पिटलची गाडी येते तीही याच दाराशी लागते.

मी लहान दारानं बाहेर गेले आणि पाहिलं तर रेघच नव्हती. आमच्या दारासमोर लहानपणापासून असलेली ती जाड पिवळी रेघ, जिच्यावर गाडी लावायची नाही हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, तिच्यावर कुणीतरी काळा रंग फासला होता, तोही घाईघाईत, कडेनं पिवळं डोकावत होतं. करड्या गाडीच्या काचेवर रहिवाशाचा परवाना व्यवस्थित चिकटवलेला. गाडी समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईची निघाली. ती व्हायोलिनची पेटी खांद्याला लटकवून आली, ओरखड्याकडे तिचं लक्ष गेलं, आणि तरी ती नीट बोलली. "दोन माणसं येऊन पुसून गेली की काल. मला वाटलं, आता इथं लावता येतं." लावता येतंच, हेच तर दुखणं होतं. तिनं गाडी काढली, आणि मी खुर्ची बाहेर आणेपर्यंत दुसरी येऊन लागली. या गल्लीत जागा मोकळी होते ती श्वास घेण्यापुरती.

त्या दिवशी दुकानात मी एक काच फोडली. मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काम करते, काचा घासून चौकटीत बसवायचं. कड किंचित जास्त घासली गेली तर काच चौकटीत खुळखुळते, कमी घासली आणि दाबून बसवली तर तडकते. राग आलेला असताना हे काम करू नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं. पण राग न आलेला दिवस कुठून आणू? आमच्या घरात ती एक गोष्ट सढळ हातानं वाटली गेली. बाबा भूगोल शिकवायचे, आणि त्यांच्या लेखी जगातला सगळ्यात वादग्रस्त प्रदेश आमच्या दारासमोर होता. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की त्यांची मान वर व्हायची. ताटावरून उठून जायचे. त्यांच्याच वाढदिवसाला घरात माणसं जमलेली असताना ते सपाता घालून खाली गेले आणि पाहुण्यांपैकीच एकाशी भांडून आले. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि ते नेहमी बरोबर असायचे, हे सगळ्यात वाईट. आई पडदा ओढून घ्यायची आणि रेडिओचा आवाज वाढवायची. एकदा माझ्या मैत्रिणीचे वडील मला घरी सोडायला आले, जेमतेम मी उतरेपर्यंत थांबले, तर बाबांनी खिडकीतून त्यांना नियमाचं कलम ऐकवलं. मैत्रीण गाडीत बसून माझ्याकडे बघत होती. पुढं तिनं मला कधी घरी बोलावलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. त्या पडद्यामागं आईशेजारी उभं राहून मी ठरवलं होतं की मी अशी होणार नाही. आणि आता मी दुसऱ्याच्या गाडीवर ओरखडा पाहून खूश होते. बाबा पडले तेही असेच. खाली कुणाच्या तरी गाडीचा दरवाजा वाजला, ते तरातरा जिना उतरायला गेले आणि वळणावर त्यांचा पाय चुकला.

वाहनतळ विभागाच्या कचेरीत खिडकीमागं एक शांत, गोरागोमटा माणूस होता. मी म्हटलं, "आमची रेघ काढून टाकलीय." तो म्हणाला, "बाई, रेघ तुमची नसते. रस्ता शहराचा, रेघ शहराची. घरमालकाची हद्द त्याच्या भिंतीपाशी संपते. आतली गाडी बाहेर काढता यावी म्हणून ती सवलत असते. तुमच्या आत गाडी आहे?" "आत माझे वडील आहेत." "मग सवलत लागू होत नाही." "बरं, रहिवाशाचा परवाना द्या. समोरची जागा आम्हीच धरून ठेवतो." "परवाना गाडीला मिळतो. आणि तो पूर्ण विभागाचा असतो, अमुक एक जागा धरून ठेवायचा नसतो." "अपंगांसाठी राखीव जागा?" "मिळते ना. पत्त्यावर नोंदलेली गाडी असेल तर." "आम्ही गाडी विकली. त्यांच्यासाठीच विकली." "हो का," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "मग खुर्चीसाठी उतार तरी करून द्या." "उतार फूटपाथला असतो, बाई. तुमच्या बाजूला फूटपाथ कुठाय?" तो एकही गोष्ट चुकीची सांगत नव्हता. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली ती त्याचमुळं. आपण भिंतीवर डोकं आपटावं आणि भिंतीनं हळू आवाजात तिच्या विटा मोजून दाखवाव्यात, तसं चाललं होतं. मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं, मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं खोकलासुद्धा गिळला.

"आणि तुम्हाला हे कळलं कसं?" मी विचारलं. मनात मी गल्लीतली एकेक दार उघडून बघत होते. व्हायोलिनवाली. कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याला बाबांनी आयुष्यभर छळलं होतं. शेजारचे, ज्यांच्या मुलाच्या गाडीला दोनदा दंड झाला. "तक्रार आली म्हणून पाहणी झाली." "कुणाची तक्रार?" त्यानं संगणकाच्या पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याच घरून आहे. रेघेवर सामान पोचवणारी गाडी थांबलीय म्हणून फोन केला होता. आमच्या माणसानं नेहमीप्रमाणे विचारलं, आतलं वाहन अडकलंय का. तर तुमचे वडील म्हणाले, आत वाहन नाही, आत मी राहतो." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "राहण्याची खोली असेल तर ते गॅरेज नाही. गॅरेज नाही तर रेघ नाही. हवंय तर पुन्हा गॅरेज करा, पाहणी होईल, रेघ परत मिळेल."

घरी आले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारातूनच ओरडले. "तुम्हीच फोन केलात? तुम्हीच सांगितलंत?" ते सावकाश वळले. "विचारलं त्यानं, मग काय खोटं सांगू?" "अहो, त्या एका वाक्यानं तुम्ही आत अडकून पडलात!" "नियमानं ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मी त्या जागी असतो तर मीही रेघ काढली असती." मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी हसलेही असते. "मग आता बाहेर कसं जायचं, तेही सांगा." "नियमानंच काहीतरी काढ," ते म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले. मी वर जाऊन भांडी घासली, जी घासलेलीच होती.

त्यानंतरचे दिवस मला एकाच लांबलचक दिवसासारखे आठवतात. पांढरी गाडी, लाल गाडी, दुधी रंगाची मोठी गाडी, तिच्या आरशात मला माझाच तोंड वासलेला चेहरा दिसला होता. मी काचांवर चिठ्ठ्या लावल्या, आधी विनंतीच्या, मग कमी विनंतीच्या. दारात बादली ठेवली, ती उचलून कुणीतरी नीट भिंतीशी लावून ठेवली. हॉस्पिटलची गाडी यायची, भोंगा वाजवायची, मागच्या गाड्यांचा ओरडा सुरू झाला की निघून जायची. कधी जागा मोकळी असायची, पण नेमकी मी दुकानात असताना. बाबांनी आधी दाढी करणं सोडलं, मग टोपी मागणं सोडलं. "आज बघू या का, जागा आहे," असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. कशाला." डॉक्टर म्हणाले होते ते हेच. मी त्यांना कधी प्रेमानं जवळ घेतलेलं नाही, त्यांनीही नाही, पण ते विझत चाललेत हे मला बघवत नव्हतं, आणि बघवत नाही म्हणून मी आणखी चिडत होते, त्यांच्यावरच, डाळ सांडली म्हणून, दिवा चालू ठेवला म्हणून.

दादाला फोन केला. दादा शहराबाहेर नव्या इमारतीत राहतो, तिच्या तळघरात त्याच्या दोन गाड्या ऐसपैस पाय पसरून झोपतात. "एवढंच ना?" तो म्हणाला. दादाला सगळंच एवढंच असतं. "मी माझी गाडी आणतो. पाहणीपुरती आत घालू. बाबांना तासभर वर बसवू, खाट घडी करून भिंतीला लावू. साहेब बघेल, सही करेल, जाईल. मग खाट परत." "आणि बाबा ऐकतील?" "त्यांना विचारायचं कशाला? तूच बोल साहेबाशी, मला खोटं बोलताना घाम फुटतो." खोटं बोलायची वेळ आली की धाकटी बहीण पुढं करायची, ही त्याची जुनी खोड. पण माझ्यापाशीही दुसरं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

पाहणीच्या सकाळी दादा आणि त्याच्या कचेरीतला एक दणकट माणूस, अशा दोघांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. वळणावर, जिथं बाबा पडले होते तिथं, त्यांनी कठडा घट्ट पकडला आणि सोडेचनात. दादा धापा टाकत म्हणाला, "बाबा, सोडा ना." मग त्यांनी सोडला. त्यांना वरच्या खोलीत खिडकीशी बसवलं. आम्ही जाजम गुंडाळलं, आणि तो तेलाचा डाग पहिल्यांदाच आमच्या उपयोगी पडला. गाडी आत आली तेव्हा खोली एकदम लहान झाली. औषधाच्या बाटल्या मी बादलीत भरून वर फडकं टाकलं. पेट्रोलच्या वासात म्हातारपणाचा वास पार बुडून गेला. माणूस इथं राहत होता हे पुसायला आम्हाला अर्धी सकाळसुद्धा लागली नाही.

आलेला साहेब सज्जन होता, हेही माझं नशीब. हळू बोलणारा, बूट पुसून आत येणारा. त्यानं दाराची रुंदी मोजली, गाडीभोवती फिरला, घडी केलेल्या खाटेकडे पाहिलं. "हे?" "जुनं सामान आहे." "इथं कुणी राहत नाही?" "नाही." "मग फोनवर तुमच्या वडिलांनी स्वतः सांगितलंय, ते कसं?" दादा गाडीच्या टायरकडे बघायला लागला. जिन्याचं दार उघडं होतं हे मला दिसत होतं. मी ते लावायला हवं होतं. पण माझं तोंड सुटलं होतं. "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, साहेब," मी म्हटलं. "पडल्यापासून. फोन हाताला लागला की कुणालाही करतात, काहीही सांगतात. गॅरेजमध्ये राहतो म्हणतात, आणखी कुठं राहतो म्हणतात. कधी कधी तर मलाही ओळखत नाहीत. 'आपण कोण' म्हणून विचारतात." शेवटचं सांगायची काहीच गरज नव्हती. साहेब आधीच्या वाक्यालाच विरघळला होता. पण मला थांबता येईना, आणि खरं सांगायचं तर थांबावंसं वाटेना. जन्मभर बरोबर असलेल्या माणसाला एकदा, एकदाच, चूक ठरवताना जिभेला गोड लागत होतं. पडद्यामागची आई, गाडीतली मैत्रीण, सगळ्यांचं उट्टं मी त्या दोन वाक्यांत काढत होते. साहेब म्हणाला, "माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. सांभाळा." त्यानं सही केली. दादानं बाहेर जाऊन माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मला त्याचा तो अंगठा मोडावासा वाटला.

रेघ आली. चकचकीत, पिवळीधमक, कोरी करकरीत. खाट जागेवर आली, जाजम आलं, वास मात्र जायला तयार नव्हता. सकाळी मी दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या, कशावरही न आपटता, आणि सगळा रस्ता खोलीत आला. बाबांची मी दाढी करून दिली होती. टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवत म्हटलं, "चला बाबा." त्यांनी वर पाहिलं. चुकीच्या दारात आलेल्या परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं. "आपण कोण?" ते म्हणाले.

माझा हात टोपीवरच राहिला. "ऐकलंत तर तुम्ही," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच बोलले ना? दुसरा काय उपाय होता, सांगा की. नियमानं सांगा!" "असेल, असेल," ते म्हणाले. "मला काही कळत नाही हल्ली." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठाचा कोपरा कुठं हलतोय का, डोळ्यांत तो जुना, भूगोलाच्या मास्तरचा तिरकसपणा कुठं चमकतोय का. तो चेहरा मी जन्मभर पाहत आले होते आणि त्यात मला काहीही वाचता येईना. क्षणभर भीती वाटली, खरंच तर नाही? मग त्या भीतीचाही राग आला. "पुरे झालं नाटक," असं म्हणून मी खुर्ची ढकलली, जरा जोरातच, आणि आम्ही पिवळ्या रेघेवरून रस्त्यावर आलो.

व्हायोलिनवाली समोरून येत होती. तिला आता गाडी तीन गल्ल्या पलीकडं लावावी लागते, ती जड पेटी तिच्या खांद्यात रुतली होती आणि मला पाहताच तिच्या कपाळावर आठी पडली. पण बाबांसाठी ती थांबली, वाकली. "कसे आहात काका? बऱ्याच दिवसांनी बाहेर?" "बरा आहे," बाबा म्हणाले, आणि मान मागं करून माझ्याकडे बोट केलं. "या बाई आणतात मला. कोण आहेत ठाऊक नाही, पण भल्या आहेत." तिनं वर माझ्याकडे पाहिलं. तिची आठी विरघळून गेली. ओरखडा, रेघ, तीन गल्ल्यांची पायपीट, सगळं तिनं एका नजरेत माफ करून टाकलं. मला ओरडून सांगायचं होतं की यांना सगळं कळतं, यांना तुमच्या गाडीचा नंबरसुद्धा पाठ असेल, यांच्याइतकं शाबूत डोकं या गल्लीत कुणाचं नाही. पण तिचं घर आमच्या समोर होतं, तिला जागा हवी होती, आणि शाबूत डोक्याच्या माणसानं फोनवर सांगितलेलं खरं मानावं लागतं. तिनं माझ्या दंडाला हात लावला. हळूच, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, विचारलं, "कधीपासून होतंय असं?"

बाबांची मान ताठ होती. ते ऐकत होते.

"पडल्यापासूनच," मी म्हटलं.

बाबांनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "चला बाई," ते म्हणाले, "ऊन जाईल."